बासरीतले पाणी : थुंकी की दव?

शाळेच्या स्नेहसंमेलनात बासरी वाजवणाऱ्या मुलाने दोन गाण्यांच्या मध्ये बासरी खाली करून झटकली, की पुढच्या रांगेत हमखास खसखस पिकते. "थुंकी उडवतोय!" हा शेरा ठरलेलाच. मूल बिचारे ओशाळते. पुढच्या वेळी ते बासरी झटकत नाही आणि पुसतही नाही. ओलीच्या ओली पिशवीत कोंबते. महिन्या-दोन महिन्यांनी बासरीला कुबट वास येऊ लागतो, तिचा आवाज फाटतो, आणि एक दिवस ती उभी चिरते. मग मोठी माणसे म्हणतात, "हल्लीच्या मुलांना वस्तू सांभाळता येत नाहीत."

विद्यार्थी मित्रांनो, या साऱ्या प्रकारात पहिली चूक त्या मुलाची नसून शेऱ्याची आहे. बासरीतले पाणी बहुतांशी थुंकी नसते. ते हिवाळ्यात गवतावर पडणाऱ्या दवाचे सख्खे भावंड असते. ही गोष्ट शाळेत कोणी समजावून सांगत नाही, कारण संगीताच्या तासाला विज्ञान येत नाही आणि विज्ञानाच्या तासाला बासरी येत नाही. माझे मत असे, की ज्या शाळेत बासरी शिकवली जाते तेथे ती कोरडी करायलाही शिकवले पाहिजे, आणि तेही कारणासकट. असे मी का म्हणतो, ते जरा सविस्तर पाहू.

पाणी येते कोठून?

आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. फुफ्फुसातली हवा या तापमानाची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली, म्हणजेच संपृक्त असते. ती ओठांपर्यंत येईतो थोडी निवते, तरी ३४ अंशांच्या आसपास असते आणि जवळजवळ संपृक्तच असते. ही हवा तिच्याहून थंड वस्तूला लागली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद कमी होते आणि जास्तीचे बाष्प पाणी होऊन त्या वस्तूवर बसते. यालाच सांद्रीभवन किंवा संघनन म्हणतात. थंडगार सरबताच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटते, आरशावर 'हाऽऽ' केले की तो धुरकटतो, ही त्याचीच उदाहरणे. पेल्याला सुटलेल्या पाण्याला "पेल्याची थुंकी" असे कोणी म्हणत नाही!

आता बासरीकडे वळू. बासरी शिट्टीसारखी सरळ फुंकत नाहीत. ओठांमधून निघालेली हवेची बारीक धार फुंकण्याच्या भोकाच्या समोरच्या काठावर आपटते, आणि एकदा भोकाच्या आत, एकदा बाहेर अशी झरझर हेलकावे खाते. या हेलकाव्यांनी नळीतली हवा कंप पावू लागते आणि स्वर उमटतो. म्हणजे आपला सगळा श्वास नळीत जात नाही. बराचसा बाहेर निघून जातो. पण जो भाग आत शिरतो तो उबदार आणि ओलसर असतो, आणि नळीची भिंत त्या मानाने थंड असते. दव पडायला याहून अधिक काय हवे?

थोडे गणित करू

संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये ३४ अंशांना सुमारे ३७ ग्रॅम बाष्प असते. २० अंशांना मात्र सुमारे १७ ग्रॅमच मावते. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. तेव्हा ३४ अंशांची एक लिटर श्वासहवा २० अंशांपर्यंत निवली, तर सुमारे २० मिलिग्रॅम पाणी सुटे होते.

मानू या, की वाजवणारा मिनिटाला ८ लिटर हवा फुंकतो. दहा मिनिटांत झाली ८० लिटर. ती सगळी निवली तर १६०० मिलिग्रॅम पाणी सुटेल. यातले एक-चतुर्थांशच नळीच्या भिंतीवर बसते असे धरले, तरी ४०० मिलिग्रॅम झाले. एक मिलिलिटर पाण्याचे साधारण २० थेंब होतात, म्हणजे एक थेंब ५० मिलिग्रॅमचा. तेव्हा दहा मिनिटांच्या वादनात आठ थेंब! हे आकडे ढोबळ आहेत. फुंकेचा जोर, खोलीचे तापमान, बासरीची लांबी-रुंदी यांनुसार ते बदलतील. पण एवढे नक्की, की बासरी ओली होण्यासाठी लाळेचा एक थेंबही आत जाण्याची गरज नाही.

मग थुंकी अजिबात नसते का?

असते, अगदी थोडी. नवशिक्याचे ओठ फार ओले असले तर तिचा अंश फुंकेबरोबर जातो. किती जातो, हे माझ्या सांगण्यावर सोडू नका; स्वतः तपासा. त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत सारे साहित्य असते.

लाळेतील विकर स्टार्चचे साखरेत रूपांतर करते आणि स्टार्च आयोडीनने निळा-काळा होतो, हे तुम्ही शिकला आहात. तीन परीक्षानळ्या घ्या. तिन्हींत स्टार्चचे पातळ द्रावण सारख्या मापाने घाला. पहिलीत साध्या पाण्याचे पाच थेंब, दुसरीत बासरीतून निथळलेले पाच थेंब आणि तिसरीत लाळेचे पाच थेंब टाका. दर दोन मिनिटांनी प्रत्येक नळीतला एक थेंब पांढऱ्या बशीवर घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाका. कोणत्या नळीत निळा रंग यायचा केव्हा थांबला, ते वहीत लिहा. बासरीतले पाणी पहिल्या नळीसारखे वागते की तिसरीसारखे, की दोहोंच्या मध्ये कोठेतरी, यावरून त्यात लाळ किती असावी याचा अंदाज बांधता येईल. विकर अत्यल्प असले तरी हळूहळू आपले काम करते, तेव्हा लागणारा वेळ महत्त्वाचा. प्रयोगासाठी शक्यतो पी.व्ही.सी.ची बासरी घ्या, कारण बांबू पाणी शोषून घेतो. प्रत्येकाने स्वतःचीच बासरी आणि स्वतःचीच लाळ वापरावी, आणि शेवटी नळ्या साबणाने धुवाव्यात.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. पाणी थुंकी नव्हे म्हणून ते निर्जंतुक असते, असा अर्थ काढू नका. श्वासाबरोबर सूक्ष्म तुषार आणि त्यांतून रोगजंतू बाहेर पडू शकतात, हे २०२० च्या कोविड साथीने सगळ्या जगाला शिकवले. म्हणून एकाची बासरी दुसऱ्याने न पुसता तोंडाला लावू नये, आणि बासरी झटकायचीच असेल तर माणसांच्या दिशेने झटकू नये. हसणे चूक आहे, स्वच्छता चूक नाही.

पाणी बांबूचे काय करते?

चांगल्या बासरीसाठी लांब पेराचा, पातळ भिंतीचा बांबू लागतो. असा बांबू मुख्यतः आसामकडून येतो. उत्तर प्रदेशातील पिलीभीत हे बासऱ्या बनवणाऱ्या कारागिरांचे प्रसिद्ध गाव त्यावरच चालते. बांबूतले तंतू उभे, एकमेकांना समांतर असतात. ओलावा शोषला की बांबू लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण आडवा फुगतो; वाळला की आडवा आकसतो. वादनाच्या वेळी आतली बाजू ओली होऊन फुगते आणि बाहेरची कोरडीच राहते. भिंतीत ताण निर्माण होतो. ओली बासरी एकदम उन्हात ठेवली, तर उलट प्रकार होतो: बाहेरची बाजू झपाट्याने आकसते आणि आतली अजून फुगलेली असते. अशा वेळी बांबू तंतूंच्या दिशेने, म्हणजे उभा, तडकतो. बासरीवर ठिकठिकाणी दोरा गुंडाळलेला असतो तो केवळ शोभेसाठी नव्हे. पिंपाला लोखंडी पट्टी असते तसा तो बांबूला आवळून धरतो.

गंमत अशी, की बांबूच्या बासरीत पाणी लवकर दिसत नाही, कारण सुरुवातीचे पाणी भिंतच पिऊन टाकते. धातूच्या किंवा पी.व्ही.सी.च्या बासरीत ते लगेच थेंबाथेंबाने दिसते. म्हणून "माझ्या बासरीत पाणी साठतच नाही" असे म्हणणारा बहुधा सर्वांत जास्त निष्काळजी असतो. दिसत नाही म्हणून नाही, असे समजणे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

थेंब मोठे झाले की आवाजावर परिणाम होतो. फुंकण्याच्या भोकाच्या काठावर थेंब बसला, तर हवेची धार नीट चिरली जात नाही आणि स्वर खरखरतो. मात्र वाजवता वाजवता बासरी चढते, तिचा दोष अनेक जण पाण्याला देतात. तो मुख्यतः तापमानाचा परिणाम आहे. हवेतील ध्वनीचा वेग ० अंशाला सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. नळीतली हवा १५ अंशांवरून २५ अंशांवर गेली, तर वेग ३४० वरून ३४६ मीटर होतो. ही वाढ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि स्वराची कंपनसंख्याही त्याच प्रमाणात वाढते. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत सुमारे सहा टक्क्यांचा फरक असतो. म्हणजे बासरी पट्टीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने चढते. जाणत्या कानाला हे सहज खुपते.

पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी लांब, मोठ्या व्यासाची बासरी रागसंगीताच्या मैफलीत रुजवली, आणि बासरीला गायकीच्या तोडीचे गांभीर्य दिले. १९४० मध्ये ते मुंबईला आले. अशा लांब बासरीत आतला पृष्ठभाग जास्त, तेव्हा दव पडायला जागाही जास्त आणि ती तापायला वेळही जास्त. थंडीत वादनापूर्वी बासरी काही वेळ शालीत गुंडाळून उबेत ठेवावी. तिने दोन्ही कामे साधतात: भिंत उबदार असल्याने पाणी कमी बसते आणि स्वरही लवकर स्थिरावतो.

डिसेंबर आणि जुलै

आता एक कोडे सोडवू. बासरी जास्त केव्हा बिघडते? पुण्याच्या डिसेंबरमध्ये, की कोकणच्या जुलैमध्ये?

पुण्यात १९५३ पासून भरणारा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात असतो. तेथल्या थंडीच्या दिवसांत रात्री उशिरा तापमान १२ अंशांच्या आसपास आले, असे धरा. १२ अंशांना हवेत घनमीटरमागे सुमारे ११ ग्रॅमच बाष्प मावते. म्हणजे श्वासाच्या प्रत्येक लिटरमागे ३७ वजा ११, अर्थात २६ मिलिग्रॅम पाणी सुटू शकते. कोकणात जुलैमध्ये तापमान २७ अंश धरू. त्या तापमानाला २६ ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे सुटणारे पाणी लिटरमागे फक्त ११ मिलिग्रॅम. पुण्याच्या निम्म्याहूनही कमी!

यावरून कोणी म्हणेल, कोकणातला बासरीवाला सुखी. पण थांबा. पाणी बसणे ही अर्धी गोष्ट झाली. ते वाळणे ही उरलेली अर्धी. पुण्यात दुसऱ्या दिवशी दुपारी तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ३५ टक्के असली, तर त्या हवेत आणखी १७-१८ ग्रॅम बाष्पाला जागा असते. बासरी दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत. जुलैमध्ये कोकणात आर्द्रता ९० टक्के असली, तर हवेत जेमतेम अडीच ग्रॅमची जागा उरते, पुण्याच्या सुमारे एक-सप्तमांश. बासरी संध्याकाळी ओली, सकाळी ओली आणि दुसऱ्या दिवशी वाजवायला घेतली तरी ओलीच. मग तिच्यात बुरशी धरते. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी चपलांचे जे होते, तेच बासरीचे होते.

तेव्हा उत्तर असे: थंडीत पाणी जास्त दिसते, पण पावसाळ्यात त्याचा धोका जास्त असतो. थेंब मोजून काळजी करणारा मनुष्य नेमका चुकीच्या महिन्यात काळजी करतो.

एक इशारा

वाद्यातल्या बुरशीकडे किती गांभीर्याने पाहावे, यासाठी इंग्लंडमधील एक घटना सांगतो. 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी एका ६१ वर्षांच्या रुग्णाची हकीगत प्रसिद्ध केली. हा गृहस्थ रोज बॅगपाइप वाजवीत असे. फुफ्फुसाच्या आजाराने त्याला वर्षानुवर्षे दम लागे. एकदा तो तीन महिने ऑस्ट्रेलियात राहिला, वाद्य बरोबर नव्हते, आणि तेवढ्या काळात त्याला चांगला आराम पडला. डॉक्टरांनी वाद्य तपासले तेव्हा त्याच्या पिशवीत आणि इतर भागांत अनेक प्रकारच्या बुरशी सापडल्या. हा रुग्ण २०१४ मध्ये दगावला. आजाराचे मूळ या बुरशीतच असावे, असा डॉक्टरांचा तर्क होता.

हे वाचून बासरी टाकून देऊ नका! बॅगपाइपची पिशवी बंद आणि सतत दमट असते. बासरी उघडी नळी आहे आणि तिच्यातून आपण श्वास आत ओढत नाही. दोहोंची बरोबरी होणार नाही. पण ओलावा, अंधार आणि कोंडलेली हवा एकत्र आली की काय उगवते, ते कळायला ही हकीगत पुरेशी आहे. आणि पुष्कळ शाळांतली वाद्यांची कपाटे तंतोतंत अशीच असतात.

मग करावे काय?

उपाय अगदी साधे आहेत. वादन झाले की बासरीचे उघडे टोक खाली करून पाणी निथळू द्यावे. मग गुळगुळीत, बोथट काठीला मऊ सुती फडके घट्ट बांधून आतून फिरवावे. बासरीचे एक टोक बुचाने बंद असते, त्यामुळे फडके दोरीने आरपार ओढता येत नाही, काठीच लागते. फुंकण्याचे भोक आणि बूच यांमधला कोपरा सर्वांत ओला असतो आणि नेमका तोच विसरला जातो. तेथपर्यंत फडके न्यावे, पण बुचाला धक्का देऊ नये. ते सरकले तर स्वर बिघडतात. फडके रोज धुऊन वाळवावे. ओल्याच फडक्याने पुसणे म्हणजे बुरशी वाटत फिरणे होय.

नंतर बासरी सावलीत, वाऱ्यावर, निदान अर्धा तास उघडी ठेवावी. ऊन नको, चूल नको. पिशवी कापडाची असावी, प्लॅस्टिकची नको. अनेक वादक अधूनमधून कोरड्या बासरीला मोहरीच्या तेलाचा अगदी पातळ हात देतात; तेलाने पाणी शोषले जाण्याचा वेग कमी होतो. ओल्या बासरीला मात्र तेल लावू नये.

"त्यापेक्षा पी.व्ही.सी.ची बासरी घ्या ना," असे कोणी सुचवील. सूचना वाईट नाही. ती तडकत नाही, धुता येते, स्वस्त पडते. पावसाळ्यात शिकाऊ विद्यार्थ्याने ती जरूर वापरावी. पण पाणी तिच्यातही साठतेच. शिवाय पुढे बांबूची बासरी हाती यायचीच आहे. पुसण्याची सवय तोवर लागली नसेल, तर ती महाग बासरी पहिल्या पावसाळ्यातच जाईल.

खरा आक्षेप वेगळा आहे. संगीत शिक्षक म्हणतील, "आठवड्याला एक तास मिळतो, त्यात पुसापुशीला वेळ कोठून आणू?" त्यांची अडचण खरी आहे. पण पाच मिनिटे पुसण्यात न घालवल्याने शाळेच्या बासऱ्या फुकट जातात, नव्या घ्यायला पैसे नसतात आणि पुढच्या वर्षी बासरीचा वर्गच बंद पडतो. त्यात नुकसान होते ते, घरी बासरी घेणे परवडत नाही अशा मुलांचे. पाच मिनिटांची ही काटकसर फार महाग आहे.

शिवाय विज्ञान शिक्षकांनाही येथे आयता लाभ आहे. दवबिंदू, आर्द्रता, सांद्रीभवन, ध्वनीचा वेग, विकरांची क्रिया, बुरशीची वाढ हे सारे धडे या एका नळीत भरले आहेत. कोरड्या फडक्याचे वजन प्रयोगशाळेच्या तराजूवर करा. दहा मिनिटे बासरी वाजवून त्याच फडक्याने पुसा आणि पुन्हा वजन करा. वर मांडलेले आठ थेंबांचे गणित खरे की खोटे, ते कळेल. हाच प्रयोग डिसेंबरात करा, जुलैत करा आणि दोन्ही आकडे वर्गाच्या फळ्यावर लिहा.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच: शाळेतल्या प्रत्येक बासरीबरोबर एक काठी आणि दोन फडकी द्यावीत, तासाची शेवटची पाच मिनिटे पुसण्यासाठी राखावीत, आणि वाद्यांच्या कपाटाच्या दाराला हवा खेळण्यापुरती भोके पाडून घ्यावीत. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या संमेलनात कोणी बासरीतले पाणी काढताना दिसला आणि शेजारचा हसू लागला, तर त्याला सांबाराच्या पातेल्यावरचे झाकण उचलून दाखवा आणि विचारा, "हे कोणाचे?"